वर्गाबाहेरचं इंग्रजी आणि लाल शाई

प्रश्न थोडक्यात असा: ‘इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्क बरे पडतात. पुढे एम.ए., जमलं तर संशोधन, नाहीतर प्रकाशन क्षेत्र. सगळे म्हणतात अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी करा, पण नेमकं काय ते कोणी सांगत नाही. वेबिनारची चौदा प्रमाणपत्रं जमली आहेत, त्यांचा उपयोग होईल का? आणि चारचौघांत बोलायची मला भीती वाटते, मग माझ्यासाठी काय उरतं?’

आधी प्रमाणपत्रांचं बोलू. उपयोग जवळजवळ शून्य. एम.ए. आणि पुढच्या प्रवेशांचे अर्ज मी बरीच वर्षं वाचले. प्रमाणपत्रांची चळत आली की आम्ही ती न मोजता बाजूला सरकवायचो. तासभर कॅमेरा बंद ठेवून ऐकलेल्या व्याख्यानानं तुमच्यात काय फरक पडला, हे त्या कागदावरून कळत नाही. पण एका अर्जात एका मुलीनं लिहिलं होतं, ‘दोन वर्षं विद्यार्थ्यांच्या अंकाची प्रुफं वाचली, पहिल्या अंकात कवीचंच नाव चुकलं, त्यानंतर नावं मी उलटी, शेवटच्या अक्षरापासून वाचते.’ त्या ओळीपाशी आम्ही पाचही जण थांबलो.

म्हणून कुठलंही काम धरण्याआधी एक गोष्ट बघा. इथे माझं लिहिलेलं कोणीतरी वाचून, खोडून, लाल करून माझ्याकडे परत पाठवणार आहे का? वर्गात हे फारसं होत नाही. पेपर जातो, मार्क येतात, विषय संपतो. तोच निबंध दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लिहायची वेळ येत नाही, आणि खरं शिकणं तर त्या तिसऱ्या खेपेलाच होतं. ती खेप वर्गाबाहेर कुठे मिळते, एवढाच शोध घ्यायचा आहे.

सगळ्यात जवळची जागा म्हणजे विद्यार्थ्यांचं नियतकालिक. या परंपरेला हलकं समजू नका. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचं ‘द हार्वर्ड ॲडव्होकेट’ १८६६ पासून निघतं, टी. एस. एलियटच्या सुरुवातीच्या कविता त्यात छापून आल्या. आज जगभर वाचलं जाणारं ‘ग्रँटा’ १८८९मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी काढलं होतं. विल्यम एम्पसन केंब्रिजला विद्यार्थी होता तेव्हा, १९२८मध्ये, त्यानं मित्रांबरोबर ‘एक्स्पेरिमेंट’ नावाचं मासिक सुरू केलं. समीक्षक म्हणून त्याचं नाव व्हायला अजून दोन वर्षं होती.

पण तिथे गेलात की संपादकपदाच्या मागे लागू नका. प्रुफं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, मागा. प्रुफं वाचणाऱ्याला जे दिसतं ते संपादकालाही दिसत नाही. एकदा आमच्याकडे एक सॉनेट पंधरा ओळींचं होऊन आलं. रकाना अरुंद होता, एक लांब ओळ मोडून खाली पडली आणि मांडणी करणाऱ्यानं तिला नव्या ओळीसारखं डावीकडे लावून टाकलं. वर्गात सॉनेटच्या चौदा ओळींवर टिपण लिहिलेल्या चार जणांनी ते प्रूफ पाहिलं होतं, कोणाच्याच लक्षात आलं नाही. पाचव्या मुलानं ओळी बोटानं मोजल्या. छंद म्हणजे काय, हे त्या मुलाला मला पुन्हा कधी शिकवावं लागलं नाही.

अंकाच्या कामातलं दुसरं, आणि बहुतेक जण टाळतात ते, म्हणजे ‘साभार परत’ लिहिणं. आपल्याच बाकावर बसणाऱ्याची कथा परत पाठवायची आहे. ‘जागेअभावी’ असं खोटं लिहू नका. मी मुलांना तीनच वाक्यं लिहायला लावायचो: कथेत काय धरून ठेवतं, ते नेमकं कुठे सुटतं, आणि आमचा निर्णय. दुसरं वाक्य लिहायला तासभर लागतो. ‘मध्ये कंटाळवाणी झाली’ चालत नाही. ‘बाई दार उघडते तिथपर्यंत आम्ही तिच्या डोळ्यांनी बघत होतो, मग अचानक लेखक स्वतः समजावून सांगू लागला’ असं लिहावं लागतं. निवेदनाचा दृष्टिकोन या विषयावर यापेक्षा चांगला स्वाध्याय मला माहीत नाही.

तुमच्याकडे असं नियतकालिक नसेल तर चार पानांची पीडीएफ काढा. मात्र दुसऱ्या अंकाचा मजकूर हाताशी आल्याशिवाय पहिला बाहेर सोडू नका. पहिला अंक सगळ्यांचाच निघतो.

वाचनमंडळ हा दुसरा सोपा मार्ग. पण बहुतेक वाचनमंडळं तिसऱ्या बैठकीला गप्पांची होतात, कारण पुस्तक कोणी पूर्ण वाचलेलंच नसतं. कादंबरी ठेवूच नका, एकच कविता ठेवा, आणि कवीचं नाव झाका. समीक्षक आय. ए. रिचर्ड्सनं १९२०च्या दशकात केंब्रिजला हेच केलं. कवीचं नाव काढून कविता विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांच्याकडून लेखी प्रतिक्रिया घेतल्या आणि त्यावरचं विवेचन १९२९मध्ये प्रसिद्ध केलं. नावाचा आधार गेला की चांगले वाचकही किती अडखळतात, हे त्यातून उघड झालं. तुमच्या मंडळात दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकानं लिहायचं, मग कागद शेजाऱ्याला द्यायचा आणि दुसऱ्याचा कागद मोठ्यानं वाचायचा. तुम्हाला बोलायची भीती आहे ना? इथे तुमचं मत दुसऱ्याच्या तोंडून येतं. पाच माणसं पुरतात. आठच्या वर गेलात की भाषणं सुरू होतात.

आता जिथे अजिबात बोलावं लागत नाही अशा कामांकडे येतो. माझ्या मते इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी सगळ्यात कमी वापरलेली जागा हीच आहे.

मायकेल हार्टनं १९७१मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा मोफत डिजिटल पुस्तकांचा संग्रह सुरू केला, तिथली पुस्तकं तुम्ही वापरतच असाल. ती तयार कशी होतात हे मात्र कोणी विचारत नाही. त्यातली बरीचशी २००० साली सुरू झालेल्या ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’ या स्वयंसेवकांच्या गटाच्या हातून जातात. पडद्यावर एकीकडे जुन्या पानाचं चित्र, दुसरीकडे संगणकानं त्यावरून ओळखलेला मजकूर. दोन्ही ताडून बघायचे. संगणक ‘अँड’चं ‘ॲरिड’ करतो, कारण ‘एन’चे दोन पाय सुटले की ‘आर’ आणि ‘आय’ दिसतात. ‘मॉडर्न’मधले ‘आर’ आणि ‘एन’ चिकटले की ‘मोडेम’ होतो. अठराव्या शतकातलं पान असेल तर त्या काळचा लांब ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो, मग विचारूच नका. यातले बरेच शब्द कोशात असतात, त्यामुळे स्पेलचेक निवांत झोपलेला असतो. वाक्याचा अर्थ लावत, एकेक अक्षर बघत वाचल्याशिवाय चूक सापडत नाही. लेखकाचं जुनं स्पेलिंग आपण सुधारायचं नाही, हाही नियम. वाचनाच्या तीन फेऱ्या, मग मांडणीच्या दोन.

आणि मला हे काम आवडण्याचं कारण: तुम्ही वाचून सोडलेल्या पानावर पुढच्या फेरीतल्या माणसानं काय बदललं, ते तुम्हाला नंतर बघता येतं. तुमच्या नजरेतून निसटलेला स्वल्पविराम तुमच्यासमोर उभा राहतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं पहिल्या महिन्यात शंभर पानं केली आणि मग आपल्याच चुकांचं वर्गीकरण करून ठेवलं. तिच्या बहुतेक चुका संवादांच्या अवतरणचिन्हांत होत्या. पुढे तिनं शोधनिबंध लिहिला तो एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत संवाद कसे छापले जात, यावरच. विषय कुठून सापडतात ते सांगता येत नाही.

हस्तलिखितांची ओढ असेल तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा ‘ट्रान्स्क्राइब बेंथम’ हा २०१०मध्ये सुरू झालेला प्रकल्प बघा. जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाच्या कागदांचं लिप्यंतर लोकांकडून करून घेतलं जातं आणि जाणकार ते तपासतात. खोडलेले शब्द, वर घुसवलेले शब्द, सगळ्यांची नोंद करायची असते. छापील पुस्तकात वाक्य जन्मापासूनच तसं असल्याचा भास होतो. त्याच वाक्यासाठी लेखकानं आधी तीन शब्द खोडलेले दिसले की मग बघा.

शब्दांचं वेड असलेल्यांसाठी ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश आहे. त्याची कल्पना १८५७मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत निघाली, पहिला भाग १८८४मध्ये आला आणि काम १९२८मध्ये पुरं झालं. त्याचा पाया म्हणजे स्वयंसेवक वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या. शब्द, साल, लेखक, पुस्तक, पान आणि ज्यात तो शब्द आला ते वाक्य. संपादक जेम्स मरे यांनी १८७९मध्ये वाचकांना जाहीर आवाहन केलं. त्याच सुमारास त्यांची एक तक्रारही होती: ‘अब्यूजन’ या दुर्मीळ शब्दाच्या सुमारे ५० चिठ्ठ्या येऊन पडल्या होत्या आणि ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाच्या ५ सुद्धा नव्हत्या. वाचक चमकदार शब्द टिपत होते आणि साधे शब्द डोळ्यांसमोरून जाऊ देत होते. एखाद्या शब्दाचा जुना वापर किंवा नवा अर्थ आढळला तर तो पुराव्यासह कळवण्याची सोय आजही आहे.

ही तक्रार मी शोधनिबंधाचे विषय घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, कारण तिथेही तेच होतं. येतो तो विषय असा: ‘जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांतील स्त्रीवाद: एक अभ्यास’. सगळा अब्यूजन. मी विचारतो, कुठली कादंबरी शेवटी वाचली? ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. बरं, त्यात पत्रं कितीतरी आहेत. पत्र आलं की ते मोठ्यानं कोण वाचतं आणि मनात कोण वाचतं? मग पोरगी पुस्तक उघडते. कॉलिन्स या नातेवाइकाचं पहिलं पत्र नायिका एलिझाबेथचे वडील घरच्यांपुढे वाचतात आणि त्याची मजा घेतात. डार्सीचं पत्र एलिझाबेथ एकटी, चालता चालता, पुन्हा पुन्हा वाचते. धाकट्या बहिणीच्या, लिडियाच्या, लग्नाचं ठरवणारं मामाचं पत्र मात्र वडील एलिझाबेथच्या हातात देतात आणि मोठ्यानं वाच म्हणतात, कारण त्यात काय आहे ते त्यांना स्वतःलाच नीटसं कळलेलं नसतं. आता हा निबंधाचा विषय झाला. घराचा कर्ता पत्र वाचायचं काम मुलीकडे देतो, तिथे घरातली सत्ताही हलली का? स्त्रीवाद म्हणायचा तर त्या हलण्यात आहे, आणि तो शब्द न वापरताही निबंध पुरा होतो.

ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे निबंधाआधी पाठवायचा गोषवारा, हे या प्रश्नाचं अडीचशे-तीनशे शब्दांतलं रूप. प्रश्न काय, आतापर्यंत लोक काय म्हणत आले, मी कोणते उतारे बघणार, आणि मला काय सापडलं असं वाटतं. शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत. ‘या निबंधात चर्चा केली जाईल’ एवढ्यावर थांबतात. चर्चा सगळेच करतात, तुम्हाला काय सापडलं ते लिहा.

हे पाठवायचं कुठे? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचा ‘कॉल फॉर पेपर्स’चा, म्हणजे निबंध मागवणाऱ्या सूचनांचा, ऑनलाइन फलक कोणालाही बघता येतो; चर्चासत्रं, परिषदा, विशेषांक सगळ्यांच्या सूचना तिथे असतात. पाठवायचं नसलं तरी महिनाभर नुसता वाचा, विषयात सध्या कशावर बोललं जातंय ते कळतं. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या वेगळ्या परिषदाही आहेत: अमेरिकेत १९८७ पासून एक राष्ट्रीय परिषद भरते, ब्रिटनमध्ये २०११ पासून. वॉरिक विद्यापीठातून २००७ पासून निघणारं ‘रीइन्व्हेन्शन’ हे नियतकालिक तर पदवीच्या विद्यार्थ्यांचंच संशोधन छापतं, तेही रीतसर तज्ज्ञांकडून तपासून घेऊन. १९२४मध्ये स्थापन झालेल्या ‘सिग्मा टाऊ डेल्टा’ या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांच्या मानद संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात मुलं आपले निबंध आणि कविता वाचतात. मात्र सभासद होण्यासाठी तुमच्या महाविद्यालयात तिची शाखा असावी लागते.

निबंध वाचायची वेळ आलीच तर एक हिशेब लक्षात ठेवा. वीस मिनिटांत इंग्रजीचे साधारण २,५०० शब्द बसतात. लोक ४,००० घेऊन जातात आणि शेवटची पाच मिनिटं रेल्वे पकडायची असल्यासारखे वाचतात. भित्र्या माणसाला लिहिलेला कागद हा मोठा आधार आहे, आणि आपल्या विषयात कागदावरून वाचणं कमीपणाचं मानत नाहीत.

इथे सावध करायला हवं. दोन दिवसांत स्वीकृती, त्याच पत्रात पैशांची मागणी, आणि एकाच अंकात स्थापत्यशास्त्र, पशुवैद्यक आणि रोमँटिक कविता असं दिसलं की त्या नियतकालिकाकडे पाठ फिरवा. मी स्वतः यात पोळलोय. माझा पहिलावहिला निबंध पैसे भरून अशाच एका ठिकाणी छापला. एकाही माणसानं तो तपासला नव्हता. माझी तळटीप क्रमांक सात दोनदा आली होती आणि तशीच छापली गेली. तीन वर्षांनी त्यांची वेबसाइटच गायब झाली. निबंध आता कुठे दिसत नाही, आणि एकदा छापलेला म्हणून दुसरीकडे देताही येत नाही. पैशांपेक्षा याचं वाईट जास्त वाटतं. मुक्तपणे उपलब्ध नियतकालिकांची डीओएजे ही सूची २००३ पासून आहे, तिथे नाव आहे का बघा, आणि ग्रंथपालांना विचारा. ग्रंथपालांना कोणी विचारतच नाही, ही वेगळीच कथा.

तोच शोधनिबंध एका वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नाही. कथा-कवितांचं वेगळं: अनेक साहित्यिक नियतकालिकं एकाच वेळी इतरत्र पाठवायला हरकत घेत नाहीत, फक्त एकीकडे स्वीकारली की दुसरीकडे त्याच दिवशी कळवायचं.

स्पर्धांबद्दल फार बोलत नाही. बक्षीस एकाला मिळतं आणि बाकीच्यांना बहुधा कोणी काही कळवत नाही, म्हणजे लाल शाई नाहीच. प्रवेशशुल्क नसेल आणि अंतिम तारखेमुळे कथा पुरी होणार असेल तर जरूर पाठवा. कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझला शुल्क नाही आणि कथेला २,००० ते ५,००० शब्दांची मर्यादा आहे; कॉमनवेल्थ देशांचे नागरिक त्यात भाग घेऊ शकतात.

अनुवादावर मात्र थांबतो. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा घरात बोलणाऱ्याकडे एक भांडवल आहे, आणि आपण ते वर्गाच्या दाराबाहेर ठेवून आत येतो. एक मराठी परिच्छेद इंग्रजीत न्यायला घ्या. एक बाई पाहुण्याला विचारते, ‘तुम्ही कधी आलात?’ आणि दोन ओळींनी म्हणते, ‘बस ना तू.’ त्या दोन ओळींत काहीतरी घडलंय. इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘यू’. आता ते घडलेलं कुठे ठेवायचं? आधी नावापुढे ‘मिस्टर’ लावून मग नुसत्या नावानं हाक मारायची? की एक हालचाल टाकायची, जी मुळात नाही? प्रत्येक उत्तराची काही किंमत आहे, आणि ती मोजताना इंग्रजीची घडण जितकी कळते तितकी व्याकरणाच्या पुस्तकातून कळत नाही. टेड ह्यूज आणि डॅनियल वाइसबोर्ट यांनी १९६५मध्ये काढलेलं ‘मॉडर्न पोएट्री इन ट्रान्स्लेशन’, २००३ पासूनचं ‘वर्ड्स विदाउट बॉर्डर्स’, २०११ पासूनचं ‘असिम्टोट’ हे अंक वाचत राहा. सरावाला कोणाची परवानगी लागत नाही. छापायला पाठवताना मात्र हक्क अजून चालू असतील तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आधी घ्या. चांगला अनुवाद नेमका यावर अडतो.

प्राध्यापकांकडे जाताना ‘काही काम असेल तर सांगा’ म्हणू नका. त्यांना तुमच्यासाठी काम शोधायचं अजून एक काम लागतं. ‘तुमच्या निबंधाची संदर्भसूची मूळ पुस्तकांशी ताडून देऊ का?’ असं विचारा. बहुतेकदा होकार येतो, आणि पानांचे क्रमांक किती जणांनी न बघता एकमेकांकडून उतरवून घेतलेत तेही कळतं.

वर्षभरासाठी एक लांब चालणारं काम आणि एक छोटं, यापेक्षा जास्त घेऊ नका. तुमचा स्वभाव बघता मी ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’चं काम आणि पाच जणांचं वाचनमंडळ सुचवीन.

आणि भीतीचं म्हणाल, तर २००५मध्ये सुरू झालेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’वर स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं आपापल्या घरी बसून मोठ्यानं वाचतात आणि ती ऐकायला मोफत ठेवली जातात. नव्या वाचकाला आधी एक मिनिटाचं चाचणी ध्वनिमुद्रण पाठवावं लागतं. ते ऐकून कोणीतरी कळवतं की आवाज फार बारीक आहे, मागे पंख्याची घरघर आहे. उच्चाराच्या धाटणीवरून नाकारत नाहीत. रात्री दार लावा, आवडत्या लेखकाचं जुनं पान घ्या आणि ते एक मिनिट ध्वनिमुद्रित करा. पहिल्या खेपेला पंख्याची घरघर येतेच.